जामीनकीचा शब्द



या व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला, तेव्हा ‘ख्रिस्ती जीवनात गोड बोलण्याचे स्थान’ असे काहीसे सांगून मी मोकळा झालो. पत्रिका छापून आली आणि आमच्या शेजारच्या एका गृहस्थांनी मला रस्त्यात गाठले. म्हणाले, ‘‘मास्तर, संक्रांत होऊन चार महिने झाले, आता भर वैशाखात तिळगूळ कशाला?’’ त्यांचा विनोद मला बोचला, आणि खरे सांगायचे तर तेव्हापासूनच मी विषयाचा नीट विचार करू लागलो. गोड बोलणे आपल्याला नवे नाही. दुकानदार गोड बोलतो, निवडणुकीच्या सुमारास उमेदवार गोड बोलतो, आणि उसने मागायला आलेला माणूस तर सर्वांहून गोड बोलतो. यात ख्रिस्ती माणसाने आणखी कसली भर घालायची?

मी जन्माने ख्रिस्ती आणि पेशाने शाळामास्तर, पाद्री नव्हे. म्हणून मी येथे प्रवचन करणार नाही. एका माणसाची हकीकत सांगणार आहे. प्रेषित पौल याचे नाव आपणांपैकी पुष्कळांनी ऐकले असेल. मी ज्याच्याविषयी बोलणार तो बर्णबा. त्याचे नाव ऐकलेले थोडेच असतील. त्याची हकीकत बायबलातील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात तुटक तुटक आली आहे.

याचे खरे नाव योसेफ. कुप्र बेटातला, लेवी कुळातला. यरुशलेमात ख्रिस्ताच्या अनुयायांची पहिली मंडळी जमली, तेव्हा याने आपले शेत विकले आणि पैसे आणून प्रेषितांच्या पायाशी ठेवले. प्रेषितांनीच त्याला बर्णबा हे नाव दिले. त्याचा अर्थ सांगताना ग्रीक ग्रंथात जो शब्द आहे त्याचे मूळ ‘आपल्या जवळ बोलावणे’ असे आहे. धीर देणे, सांत्वन करणे, उत्तेजन देणे आणि प्रसंगी कान उघाडणी करणे हे सगळे त्या एका शब्दाच्या पोटात येते. माणसाला जवळ बोलावून जे सांगायचे ते सारे त्यात आले. खुशामत मात्र त्यात बसत नाही, कारण खुशामत करणाऱ्याला जवळ यायचे असते ते स्वतःच्या कामासाठी.

आता प्रसंग पाहा. शौल नावाचा एक कडवा तरुण या नव्या मंडळीचा छळ करीत होता. स्तेफनाला लोकांनी दगडमार करून ठार केले, तेव्हा मारणाऱ्यांची वस्त्रे त्याच्या पायाशी ठेवली होती. पुढे घरोघर शिरून त्याने स्त्रीपुरुषांना तुरुंगात घातले. हाच शौल एके दिवशी यरुशलेमात आला आणि ‘मी आता तुमचाच आहे’ असे म्हणू लागला. कोण विश्वास ठेवणार? तुम्ही ठेवला असता? ज्यांच्या घरची माणसे त्याने ओढून नेली होती त्यांना वाटले, हा नवा सापळा आहे. त्यांचे चुकले असे मला म्हणवत नाही. अशा वेळी बर्णबा पुढे झाला, शौलाला घेऊन प्रेषितांकडे गेला आणि त्याच्या वतीने बोलला. हा शौलच पुढे पौल झाला.

बर्णबा तेथे फार मधुर बोलला असेल असे मला वाटत नाही. त्याने केले ते इतकेच, की तो जामीन राहिला. आपल्या गावात पतपेढीतून कर्ज काढायचे तर जामीनदार लागतात. कर्जदाराची स्तुती करायला दहा माणसे मिळतात. कागदावर सही करायची वेळ आली की त्यांतली आठ लग्नाला बाहेरगावी गेलेली असतात. स्तुतीला काही पडत नाही, सहीला पडते. शौल जर खरोखर हेर निघाला असता तर शेत विकून मिळवलेली बर्णबाची सगळी पत त्या दिवशी बुडाली असती. ख्रिस्ती जीवनात ज्या बोलण्याला मोल आहे ते या जातीचे असते असे माझे मत आहे, आणि शेजारच्या गृहस्थांना माझे उत्तरही हेच आहे.

हे करायला वक्तृत्व लागत नाही, हे आणखी एक. लुस्त्र गावी लोकांनी या दोघांना देव मानले, तेव्हा बर्णबाला ते ज्यूस म्हणाले आणि पौलाला हर्मेस. कारण मुख्य बोलणारा पौल होता. म्हणजे धीर देणारा म्हणून ज्याचे नाव पडले तो दोघांतला कमी बोलणारा! आम्हा व्याख्यात्यांनी हे लक्षात ठेवलेले बरे.

अंत्युखियात मोठे काम उभे राहिले, तेव्हा यरुशलेमकरांनी पाहणीसाठी बर्णबाला पाठवले. त्याने सारे पाहिले आणि त्याला आनंद झाला. पाहणीला गेलेल्या माणसाला आनंद व्हावा ही गोष्ट, ज्यांनी शाळातपासणी भोगली आहे त्यांना नवलाची वाटेल. नंतर तो थेट तार्सला गेला, तेथे मागे पडलेल्या शौलाला शोधून काढले आणि आपल्या कामात भागीदार करून घेतले. पुस्तकात आरंभी ‘बर्णबा आणि शौल’ असा क्रम आहे. पुढे बहुधा ‘पौल आणि बर्णबा’ असा होतो. नावाची जागा बदलली म्हणून बर्णबाने कुरकुर केल्याचा उल्लेख कोठे नाही.

हे सगळे दूर देशीचे झाले. आपल्या महाराष्ट्रात यासारखे काय घडले म्हणाल तर एक आगगाडीचा प्रसंग सांगतो. १८९३ मध्ये नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला चालले होते. डब्यात एक गोरा गृहस्थ होता. त्या काळी गोऱ्या माणसाच्या डब्यात शिरणे म्हणजे अपमानाची तयारी ठेवूनच शिरणे. या गृहस्थाने सरकून जागा दिली, आदराने बोलणे सुरू केले आणि काव्याच्या गोष्टी काढल्या. उतरण्यापूर्वी त्याने नवा करार हाती दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीतही केले. फेब्रुवारी १८९५ मध्ये टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. धर्मांतराविषयी आपली मते काहीही असोत. त्यावर आज मला वाद घालायचा नाही. मला दिसते ते सरकून दिलेले बाक. ते दिले नसते तर पुढचे पुस्तक टिळकांनी खिडकीबाहेर भिरकावले असते, इतके ते मानी होते.

आणि शीघ्रकोपीही होते. लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रां’त पतीच्या रागाच्या हकीकती इतक्या मोकळेपणी सांगितल्या आहेत की हसताहसता वाचणारा मध्येच गप्प होतो. बाप्तिस्म्याने माणसाची जीभ त्याच दिवशी निवत नाही. पण याच तापट माणसाच्या घराचा दुसऱ्यांना आधार झाला. त्र्यंबक बापूजी ठोंबरे या पोरसवदा कवीला १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात ‘बालकवी’ ही पदवी मिळाली. टाळ्या वाजवणारे घरोघर गेले. या मुलाला नगरला आपल्या घरात ठेवून घेतले ते टिळकांनी. लक्ष्मीबाईंनी त्याच्याविषयी लिहिले आहे ते पोटच्या मुलाविषयी लिहावे तसे. पदवी हा शब्द झाला. ताट मांडणे ही सही झाली.

येथवर मी बर्णबाची चांगली बाजू सांगितली. त्याची एक चूकही बायबलात नोंदलेली आहे आणि ती मी दडवणार नाही. अंत्युखियात यहूदी व यहूदीतर ख्रिस्ती एका पंक्तीला जेवू लागले होते. पेत्रही जेवत असे. पुढे यरुशलेमहून काही सोवळी मंडळी आली, तेव्हा त्यांच्या भीतीने पेत्र पंक्तीतून उठला, आणि पौल लिहितो की बर्णबासुद्धा त्यांच्याबरोबर वाहवला. पौलाने पेत्राला सर्वांदेखत खडसावले. पंक्तिभेद म्हणजे काय हे आपल्याला कोणी बाहेरून येऊन सांगायला नको. ज्याला कोणालाही दुखवायचे नसते तो अशा वेळी गप्प बसतो. त्याच्या त्या गप्प बसण्याने ताटावरून कोण दुखावून उठले, हे त्याला दिसत नाही.

मी हा दोष ओळखतो, कारण तो माझा आहे. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी माझ्या वर्गातल्या एका मुलावर वर्गाची फी चोरल्याचा आळ आला. त्याने ती घेतली नसावी असे मला मनातून वाटत होते, पुरावा नव्हता. मुख्याध्यापकांनी सर्वांसमोर मला विचारले, ‘‘मास्तर, तुम्ही याची हमी घेता का?’’ नोकरी कायम व्हायची होती. मी खाली पाहिले. मुलगा शाळेतून गेला. त्यापूर्वी त्या मुलाशी मी कधी कठोर शब्द बोललो नव्हतो. उलट वर्गात गोड बोलणारा मास्तर म्हणून माझी ख्याती होती. तीसएक वर्षांनी एस. टी. स्टँडवर एका माणसाने माझी ट्रंक टपावर चढवून दिली आणि म्हणाला, ‘‘सर, ओळखलंत का? तुमचा दमा कसा आहे आता?’’ तोच होता. गाडी सुटायला दहा मिनिटे होती. त्या दहा मिनिटांतही मी हवापाण्याचेच बोललो.

बर्णबाने मात्र पुढे एकदा खाली पाहिले नाही, ते सांगून थांबतो. पहिल्या प्रवासात मार्क नावाचा तरुण त्यांच्याबरोबर होता. पंफुल्यात पोचल्यावर तो काम टाकून घरी परतला. दुसऱ्या प्रवासाच्या वेळी बर्णबा म्हणाला, त्याला पुन्हा नेऊ. पौल म्हणाला, जो एकदा सोडून गेला त्याला नेणार नाही. मार्क बर्णबाचा नातलग होता हे खरे, आणि आप्ताची बाजू घेतो असे लोक म्हणाले असतील. पौलाचेही चूक नव्हते. कामाच्या माणसाला कच्चा सोबती परवडत नाही. पण ज्याच्यासाठी एके काळी कोणीतरी जामीन राहिले होते, तोच आता दुसऱ्याला जामीन नाकारीत होता. दोघांत कडाक्याचे भांडण झाले. ग्रंथकाराने ते झाकलेले नाही, हे मला फार आवडते. पौल सीलाला घेऊन खुष्कीने गेला, बर्णबा मार्काला घेऊन तारवात बसला आणि आपल्या कुप्र बेटाकडे निघाला.

तेथून पुढे ‘कृत्यां’त बर्णबाचे नाव येत नाही, पुस्तक पौलाच्या मागे जाते. पण पौलाच्या नावे असलेल्या एका पत्रात, तुरुंगातल्या शेवटच्या दिवसांत, तो तीमथ्याला कळवतो की येताना मार्काला घेऊन ये, तो माझ्या उपयोगाचा आहे. ख्रिस्ती परंपरा ज्याला दुसऱ्या शुभवर्तमानाचा कर्ता मानते तो हाच मार्क.

मधल्या वर्षांत काय झाले, तारवात बसल्यावर बर्णबा त्या ओशाळलेल्या पोराला काय म्हणाला, याची एक ओळही कोणी लिहून ठेवलेली नाही. मी पुष्कळदा कल्पना करून पाहतो. कदाचित काही बोललाही नसेल; भाकरी पुढे केली असेल.

अध्यक्षांनी घड्याळ काढलेले मला दिसते आहे.