दोन इंधनांची गाडी आणि घरचा हिशेब



दोन इंधनांची गाडी घरच्या विजेवर भरणे परवडते काय, हे आम्ही अमेरिकेतील शेव्हरोले व्होल्टवरून पाहणार आहोत. ही गाडी २०१०च्या डिसेंबरात विक्रीस आली. तेथील सरकारी चाचणीप्रमाणे ती प्रथम विजेवर ३५ मैल जाई. पुढे पेट्रोलवर गॅलनला ३७ मैल. त्याच ३७ मैलांना वीज लागे सुमारे १३.३ युनिटे. सारे मर्म या आकड्यात आहे! युनिटास १२ सेंट पडत असतील, तर गॅलनभर काम १ डॉलर ६० सेंटांत होते. ३० सेंट पडत असतील, तर ४ डॉलरांत. मग पेट्रोल त्याहून स्वस्त असता रोज रात्री तार जोडणे हा नुसता सोपस्कार. (धूर कमी होतो खरा, पण ती वही निराळी.)

गाडी दारात आहे त्याचा हिशेब एवढाच. घेणाऱ्याचा मात्र वेगळा. स्वस्त वीज आणि ४ डॉलरांचे पेट्रोल धरले, तरी विजेवरच्या १०,००० मैलांत वर्षाकाठी सुमारे ६५० डॉलर वाचतात. सरकार करात ७,५०० डॉलरांची सूट देई; तेवढी रक्कम अशी वाचवावयास साडेअकरा वर्षे लागतील! ती सूटही २०२५च्या सप्टेंबरअखेर बंद झाली. म्हणून सल्ला विचारणाऱ्यास आम्ही आधी विजेचे बिल घेऊन यावयास सांगतो.