कोलमची रेषा आणि ताडाची पात

एन्नोरच्या मच्छीमार वस्त्यांत पहाटे सडा पडतो आणि उंबरठ्यापुढे तांदळाच्या पिठीचे कोलम उमटते. आपल्या ठिपक्यांच्या रांगोळीत रेषा ठिपके जोडते. तेथील सिक्कु कोलमात ती ठिपक्यांना वळसे घालीत पुन्हा आरंभस्थानी येऊन मिळते. १९७४ साली गिफ्ट व रानी सिरोमनी यांनी कमला कृतिवासन यांच्यासह या रचनांचे गणिती व्याकरणच मांडले. हे व्याकरण उमगले म्हणजे नमुना गिरवीत बसावे लागत नाही. तो नव्याने रचता येतो. गृहिणींना ते पूर्वीपासून अवगत होते, हे वेगळे सांगावयास नको.

मात्र साहित्य बदलले की नमुन्यासही वाकावे लागते. साखळीटाक्याला कोलमचा वळसा सहज साधतो. कसूतीचा टाका कापडाचे धागे मोजून पडतो. तेथे वळसा पायरीपायरीने उतरवावा लागतो. एन्नोरच्या उत्तरेस, पुलिकत येथे ताडाच्या पातींच्या टोपल्या विणतात. विणीत पात वर येते किंवा खाली जाते. तिसरी वाट तिला नाही. तेथे रेषेचा मोह सोडून केवळ ठिपके राखावेत, आणि प्रत्येक ठिपक्याच्या जागी रंगीत पात वर काढावी. दोन ठिपक्यांतील अंतर पातीच्या रुंदीवर ठरते. तेव्हा पाती आधी चिरून घ्याव्यात, नमुना मग आखावा.