माळेवरच्या फेऱ्या
(शताब्दी सप्ताहात हरिपाठाआधी केलेले भाषण)



आम्ही चौथी शिकलेले शेतकरी. कीर्तनाला उभे राहिलो की बोलणे सुचते, भाषणाला सुचत नाही. पण मंडळी म्हणाली, महाराज, आज तब्येतीवर बोला. कारण तुम्हाला ठाऊकच आहे. आमची साखर.

2020 साल आठवा. चैत्रात सगळे बंद झाले. सप्ताह नाही, देवळाला कुलूप. आषाढीला मुक्ताईच्या पादुका मुक्ताईनगरहून एस.टी.ने पंढरपुरास गेल्या, ते आपण टी.व्ही.वर पाहिले. डोळ्याला पाणी आले, पण खाटेवरून आम्ही काही उठलो नाही. महिना महिना चालणारी माणसे आपण, त्या वर्षी ओसरीवरून न्हाणीपर्यंत चाललो. शेतात पोरगा जायचा. चहा मात्र दिवसाला सहा वेळा, तोही गोड.

दिवाळीआधी उपाशीपोटी तपासले, साखर 190. उपाशीपोटी 126 किंवा त्याच्या पुढे दोनदा निघाली की मधुमेह धरतात. आम्ही डॉक्टरांना म्हणालो, आम्ही माळकरी, दारू नाही, मटण नाही, मग आम्हाला कशी? ते म्हणाले, महाराज, साखरेला माळ दिसत नाही. मांडीचे, पोटरीचे मांस कामाला लागले की ते रक्तातली साखर ओढून घेते. बसून राहिले की ती रक्तातच राहते.

घरी येऊन विचार केला. दोष एकट्या त्या सालाचा नव्हता. वारी एक महिना, बाकी अकरा महिने काय? केळीला ठिबक आले, बारे देणे गेले. मोटार मोबाईलवरून चालू होते. शेत अर्ध्या कोसावर, तरी फटफटी. त्यात भंडाऱ्याची बुंदी, अन् एकादशी दुप्पट खाशी. साबुदाणा, बटाटे, भगर. उपास कसला तो!

आमच्या घरची अहिराणीत बोलते. एके दिवशी म्हणाली, "काय बठी ऱ्हायनात? उठा!" बाहेर जायची भीती होती, म्हणून अंगणच धरले. उंबऱ्यापासून गोठ्यापर्यंत जाऊन येऊन 40 पावले. एका फेरीला माळेचा एक मणी. 108 मण्यांची 4320 पावले झाली, पाऊण तास लागला. पहिल्या दिवशी 30 मण्यांवर दम लागला. महिन्याभरात माळ पुरी झाली. ज्वारीची भाकरी, भाजी, वरण खाऊन, चहाची साखर काढून, गोळी घेऊन चार महिन्यांनी तपासले, 128. गोळी सुटली नाही. फेऱ्या मारल्या की गोळी सुटते, असे आम्ही कुणाला सांगत नाही.

हे का सांगतो, तर आपले विणेकरी. नाव घेत नाही, समोरच बसले आहेत, त्यांच्या परवानगीने बोलतो. त्यांनाही साखर. कुणीतरी काढा सांगितला, त्यांनी गोळ्या बंद केल्या. 2022 ला वारी पायी सुरू झाली, नवस म्हणून ते अनवाणी निघाले. तळपायात काटा मोडला, पण कळले नाही. साखरेने पायाची जाणीव मरते, बाबा हो. चौथ्या मुक्कामाला पायमोजा घातल्यासारखा पाय सुजला, तेव्हा सोबत्यांनी पाहिले. दोन बोटे काढावी लागली. तीस वर्षे वीणा खाली न ठेवणारा माणूस आता ट्रॅक्टरमधून येतो. आम्ही त्यांच्या शेजारी चालत होतो अन् एकदाही त्यांचा पाय पाहिला नाही, हे आम्हाला सलते.

म्हणून यंदापासून ज्याला साखर आहे त्याने दिंडीत चपला-बूट घालायचे, अन् रोज मुक्कामाला जोडीदाराने त्याचे दोन्ही तळवे पाहायचे. विठोबा रागावणार नाही, त्याची जबाबदारी आम्ही घेतो.

घरी काय करायचे? जागतिक आरोग्य संघटना सांगते, आठवड्याला कमीत कमी 150 मिनिटे झपाझप चालण्याइतकी हालचाल हवी. रोजचा पाऊण तास त्याहून जास्तच भरतो. चालताना बोलता यावे, पण अभंग म्हणता येऊ नये, एवढा वेग. छातीत दुखले, चक्कर आली तर थांबायचे अन् दवाखाना गाठायचा. आपल्या खानदेशात वैशाखात पारा 45 ला जातो, तेव्हा सूर्य चढण्याआधीच फेऱ्या उरका, पाणी प्या. पावसात ओसरीवर हरिपाठाची पावली खेळा, तीही हालचालच आहे.

गुडघे धरलेल्या मायमाउल्यांनी खुर्चीवर बसून एकेक पाय समोर सरळ करायचा, दहा आकडे मोजायचे, हळू खाली ठेवायचा. दहा दहा वेळा. घरकामात हालचाल होतेच, बायांना आळशी म्हणायची आमची हिंमत नाही. पण जाते गेले, विहिरीचे पाणी शेंदणे गेले, हेही खरे. बहिणाबाई चौधरी जात्यावर बसून गात होत्या. आता गिरणीत डबा ठेवला की काम झाले.

आणि तपासणी. तिशी ओलांडली की साखर, ब्लड प्रेशर तपासून घ्या. उपकेंद्रात तपासतात. प्रेशर 140 अन् 90 च्या वर राहत असेल तर दुखत नाही म्हणून सोडू नका. ते दुखतच नाही.

घड्याळात सहा वाजत आले. टाळ घ्या, मागच्या खुर्च्या भिंतीला लावा, पावलीला जागा पाहिजे. विणेकरीबुवा, तुम्ही बसूनच सूर धरा.