साखळीत जायचं की नाही

(तरुण साथींच्या शिबिरात झालेली मांडणी. ज्या पाड्यांवरचे साथी येऊ शकले नाहीत त्यांनी मागितली म्हणून लिहून देत आहोत. पाड्याच्या मीटिंगमध्ये मोठ्याने वाचावी.)



आम्हाला आज साखळीचा विषय मांडायला सांगितलाय. कोणी तिला चेन म्हणतं, कोणी नेटवर्क. पाच-सहा हजार भरायचे, पावडर-साबण-चहापत्तीची पिशवी घ्यायची आणि आपल्या खाली दोन माणसं आणायची. एक डाव्या पायाला, एक उजव्या पायाला. त्या दोघांनी परत दोन-दोन आणायची. डावी-उजवी जोडी लागली की कमिशन. हे आता आपल्या पाड्यांवर पोचलंय, आणि बाहेरचा माणूस घेऊन आलेला नाही. आपलाच मामेभाऊ, आपलाच साडू घेऊन आलाय. म्हणून बोलायला अवघड जातंय.

आधी जाणाऱ्यांची बाजू ऐकू. आम्ही सगळी दहावी-बारावी झालेली पोरं. भरतीला पळून आलो, नाव लागलं नाही. बोईसरला ठेकेदाराकडे राहिलो, तीन-चार महिन्यांनी त्याने घरी पाठवलं. शेतात एक पीक भाताचं, नाचणी-वरईचं, मग बाकीचं वर्ष मोकळं. अशा पोराला कोणी तालुक्याच्या हॉलमध्ये नेतं, खुर्चीवर बसवतं, चहा देतं, "सर" म्हणतं. त्याच्या हातात माईक देतं आणि तो दोन वाक्यं बोलला की शंभर माणसं टाळ्या वाजवतात. तहसील कचेरीत आपल्याला कोणी बस म्हणत नाही, हे तुम्ही सगळे जाणता. पोरगा तिथे नुसत्या पैशासाठी जात नाही. आपल्या मीटिंगांमध्ये तरण्या पोरांच्या, पोरींच्या हातात माईक किती वेळा येतो, हेही मोठ्या माणसांनी मोजून बघावं.

पण हिशोब हिशोबाच्या जागी. काल रात्री आम्ही खडूने फळीवर तो मांडला, तो इथे देतो. समजा भरायचे सहा हजार आणि एका जोडीला कमिशन सहाशे. सहा हजार परत यायला दहा जोड्या लागल्या. म्हणजे तुमच्या खाली वीस माणसं, दहा डावीकडे, दहा उजवीकडे. आता वरून एक माणूस धरा. त्याच्या खाली २, मग ४, ८, १६, ३२. असं दहा पायऱ्या खाली गेलं की शेवटच्या पायरीवर १०२४ माणसं उभी राहतात. सगळी मिळून २०४७.

या २०४७ मध्ये शेवटच्या १०२४ जणांना कमिशन शून्य, कारण त्यांच्या खाली कोणीच नाही. म्हणजे निम्म्याहून जास्त लोक तिथेच संपले. त्यांच्या वरच्या ५१२ जणांना एकेक जोडी, सहाशे रुपये. त्यांच्या वरच्या २५६ जणांना तीन जोड्या, अठराशे. त्यांच्या वरच्या १२८ जणांना सात जोड्या, बेचाळीसशे. म्हणजे अजून सहा हजार कोणाचेच सुटले नाहीत. ज्यांचे सुटले ते वरचे फक्त १२७. बाकी १९२० जण तोट्यात. आणि अगदी वर बसलेल्या एकाला ६ लाख १३ हजार ८००. हॉलमध्ये मोटारसायकलची चावी वर धरून दाखवतात तो हा माणूस. तो खोटं बोलत नाही, त्याला खरंच मिळालंय. फक्त ते कोणाच्या खिशातून आलं हे तो सांगत नाही.

एक साथी म्हणाला, "साखळी चालूच राहिली तर खालचे पण वर येतील ना?" येतील. पण आणखी दहा पायऱ्या चालवायला वीस लाखाच्या वर माणसं लागतात. कुठून आणणार? आणि तेव्हाही सगळ्यात खालची पायरी निम्म्याहून मोठीच राहणार. साखळी कुठेही थांबवा, कधीही थांबवा, हे बदलत नाही. मेहनत कमी-जास्त केल्याने पण बदलत नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण ज्याचे पैसे बुडतात त्याला वरचा म्हणतो, "तू मेहनत केली नाहीस, तुझा विचार छोटा." आणि पोरगा ते खरं मानून मान खाली घालून फिरतो.

दुसरा मुद्दा वस्तूंचा. "आम्ही माल विकतो, फुकट पैसे फिरवत नाही," असं कंपन्या म्हणतात. याला एक सोपी परीक्षा आहे. उद्यापासून एकही नवा माणूस भरती केला नाही, नुसता साबण विकला, तर घर चालेल का? पाड्यावरच्या दुकानात जो साबण आपण घेतो त्याच्या कितीतरी पट भाव या पिशवीतल्या साबणाचा. शेजारणीने एकदा नातं म्हणून घेतला, परत कोण घेणार? मग खरा विकला जाणारा माल कोणता? आपली ओळख. "भाऊ सांगतोय म्हणजे बरोबर असेल," हा विश्वास.

कायद्याचंही ऐकून ठेवा. बक्षिसाच्या चिठ्ठ्या आणि पैसा फिरवण्याच्या योजना यांच्यावर बंदी घालणारा केंद्राचा कायदा १९७८ सालचा आहे. अशी योजना चालवणारा तर गुन्हेगार आहेच, पण तिच्यात सभासद होणं, तिच्यासाठी पैसे घेणं-देणं, हेही त्यात मना आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. अ‍ॅमवे ही मोठी परदेशी कंपनी "आम्ही माल विकतो, हा कायदा आम्हाला लागू नाही" म्हणून आंध्र प्रदेशच्या उच्च न्यायालयात गेली होती. सकृतदर्शनी ही योजना त्या कायद्यात बसते असं म्हणून कोर्टाने २००७ साली तिची याचिका फेटाळली. एवढ्या मोठ्या कंपनीचं असं, तर नाव बदलून तालुक्याच्या गाळ्यात बसलेल्याचं काय? आणि पोलीस पाड्यावर आले तर त्यांना आधी कोण सापडेल? कंपनीवाला की वहीत नावं लिहिणारा आपला पोरगा?

आता मुख्य गोष्ट. सहा हजार आपल्या घरात येतात कुठून? एका पाड्यावरच्या घराचं सांगतो, नाव सांगत नाही. नवऱ्याच्या चुलतभावाने आग्रह केला. बाईने दोन शेळ्या विकल्या, पायातल्या साखळ्या गहाण टाकल्या, तरी पुरले नाहीत. मग नवऱ्याने वीटभट्टीच्या शेटकडून उचल घेतली. दिवसाला शंभर रुपये मजुरी धरली तरी सहा हजार म्हणजे एका माणसाचे साठ दिवस. त्यातून रोजचं खाणं वजा केलं तर अख्खा हंगाम. कंपनीची पिशवी घरात भिंतीला टांगलेली, आणि घर कुलूप लावून भिवंडीकडे जगायला गेलेलं. पोरं शाळेतून सुटली ती वेगळीच.

या घराचा वनहक्काचा दावा आहे. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून प्लॉट कसतो, हे म्हाताऱ्यांचे जबाब लावून, वनहक्क समितीपुढे उभं राहून आपण फाईल केली. आता पाहणीला माणूस येईल, प्लॉटवर मोजणी होईल. तेव्हा तिथे बांध दाखवायला कोण उभं राहणार? ते दोघं भट्टीवर विटा थापतायत. उचल फिटल्याशिवाय शेट सोडणार नाही. फाईलवर "दावेदार हजर नाही" असा शेरा पडला की पुढे किती चपला झिजतात ते तुम्हाला माहीत आहे.

आणखी एक ऐकलंय. काही जण म्हणतात, प्लॉट दोन वर्षं दुसऱ्याला लावायला देऊ आणि ते पैसे साखळीत भरू. साथींनो, हा हक्क स्वतः कसून पोट भरण्यासाठी आहे. तो पोराबाळांना मिळतो, पण विकता येत नाही, दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. पाहणीच्या दिवशी प्लॉटवर दुसऱ्याचा नांगर दिसला तर आपण काय तोंडाने बोलणार?

आपल्या आज्या-पणज्यांच्या काळात लग्नाच्या कर्जापायी माणूस सावकाराच्या घरी लग्नगडी म्हणून राबायचा. वाईटच होतं. पण सावकार कोण हे त्याला दिसत होतं. त्याच्या दारात मोर्चा नेता आला. इथे सावकार दिसतच नाही. त्या बाईने कोणाच्या दारात जायचं? दिराच्या? दीर पण सहा हजाराला बुडालेलाच आहे. आता ती दोन घरं एकमेकांच्या हळदीलाही जात नाहीत.

शिबिरात एका पोराने विचारलं, "संघटना पण साखळीच आहे ना? एकाने दोघांना आणायचं, दोघांनी चौघांना." प्रश्न चांगला होता, सगळे हसले तरी. फरक एवढाच की संघटनेत शेवटी आलेल्या पाड्याचा दावा पहिल्या पाड्यासारखाच भरला जातो. पावती सगळ्यांना सारखी. नवा पाडा आला की त्याच्या पैशातून जुन्याचं घर भरत नाही, मोर्चात माणसं वाढतात. आणि मोर्चाला लोक येतात ते आपल्यावरच्या याच विश्वासाने. तोच विश्वास वापरून एकदा पैसे बुडवले, तर पुढच्या वेळी "चला प्रांत कचेरीवर" म्हटल्यावर कोण येईल?

काही साथींचं म्हणणं पडलं की साखळीत गेलेल्यांना समितीतून काढा. आमचं मत तसं नाही. बहुतेक जण फसलेलेच आहेत, आणि बाहेर काढलं तर ते वरच्याच्याच हातात जातील. आमचा ठराव असा: वनहक्क समितीची किंवा संघटनेची नावांची यादी कोणीही साखळीसाठी वापरायची नाही. आपल्या मीटिंगनंतर, आपल्या बॅनरखाली प्लॅन दाखवायचा नाही. बचत गटाचे पैसे यात घालायचे नाहीत. गटातल्या बायांनी हे स्वतः वहीत लिहून घ्यावं. ज्याला खालच्या माणसामागे कमिशन मिळालंय, त्याने निदान ते तरी त्या माणसाला परत करावं. यावर शिबिरात वाद झाला, सगळ्यांचं एकमत नाही. म्हणून पाड्यापाड्यावर बोला आणि काय ठरलं ते कळवा.

ज्यांचे पैसे गुंतलेत त्यांनी पावती, फॉर्मची झेरॉक्स आणि मिळालेली पिशवी फेकून देऊ नका. उघडलेली असली तरी चालेल. पुढच्या आठवडे बाजाराच्या दिवशी सकाळी संघटनेच्या खोलीवर घेऊन या. आधी सगळ्यांची यादी करू, मग एकत्र कंपनीच्या गाळ्यावर जाऊ, आणि तिथून पोलीस स्टेशनला. जे भट्टीवर गेलेत त्यांच्या पावत्या घरच्या म्हाताऱ्या माणसांकडून मागून आणा.