दाढ दुखायची थांबते तेव्हा



महाड-पोलादपूरच्या मुलांनी आठवडाभर व्हॉट्सअ‍ॅपवर दातांबद्दल प्रश्न पाठवले. मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरवाला आहे. म्हणून हे प्रश्न घेऊन इथल्याच एका दंतवैद्यांकडे दोन संध्याकाळी बसलो. उत्तरं त्यांची, बडबड माझी.

निम्म्या जणांनी एकच विचारलंय : वरची दाढ काढली तर नजर जाते का? नाही. दातांची नस वेगळी, नजरेची वेगळी. दात साफ करून घेतले की हलायला लागतात का? तेही नाही. साचलेलं किटण हिरडीला मागे सारतं. ते काढलं की आधीच पडलेली फट दिसते, एवढंच.

रूट कॅनालबद्दल मात्र मी स्वतःचं सांगतो. पुण्यात नोकरीला असताना सुरू केलं. दोन वेळा गेलो, दुखणं थांबलं, तिसऱ्यांदा गेलोच नाही. पैसे वाचले म्हणून खूश! आठ महिन्यांनी ईदला गावी आलो आणि रात्री गाल सुजला, ताप भरला, तोंड उघडेना. शीरखुर्मासुद्धा चमच्याने थेंब थेंब घेतला. झालं काय होतं? दाढेतली नस काढली होती, मग दुखणार कशी? पण मुळाशी जंतू तसेच होते. आमच्या कामात याला अलार्म बंद करणं म्हणतात, बिघाड जागेवरच. शेवटी दाढ काढावीच लागली. तेव्हा उपचार अर्धा सोडू नका, आणि डॉक्टरांनी कॅप सांगितली तर बसवा, कारण पोखरलेली दाढ चावताना फुटते. सूज गळ्याकडे उतरली, गिळायला किंवा श्वास घ्यायला जड जाऊ लागलं, तर सकाळची वाट न बघता रुग्णालय गाठा.

रमजानमध्ये ‘ईद झाल्यावर बघू’ असं म्हणत कितीतरी जण महिनाभर गोळ्यांवर काढतात. जेद्दाच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने 1997 मध्येच ठराव केला आहे की दाढ काढणं, कोरणं, दात साफ करणं, मिस्वाक किंवा ब्रश यांनी रोजा तुटत नाही, घशाखाली काही जाऊ दिलं नाही तर. बधिर करण्याचं इंजेक्शनही पोषणाचं नसतं. तरी मनात शंका असेल तर आपल्या आलिमांना विचारा आणि इफ्तारनंतरची वेळ घ्या. पण जाच.

आता सुपारी. माझी नानी तव्यावर तंबाखू भाजून मशेरी करायची, तिला आपण नावं ठेवतो. आणि स्वतः? गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे, पुड्या तरी मिळतात. ‘मी तंबाखू खात नाही, नुसती गोड सुपारी’ असं सांगणारे इथे बरेच बसलेत. श्रीवर्धनच्या रोठ्याचा आपल्या जिल्ह्याला अभिमान आहे, मलाही आहे. पण तंबाखू नसलेली सुपारीसुद्धा कर्करोग करते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2003 मध्ये जाहीर केलं. त्याआधी गालाची आतली कातडी आखडते, तिखट झोंबतं, तोंड कमी कमी उघडतं. सुपारी सोडली तरी आखडलेलं सहसा पूर्ण मोकळं होत नाही; म्हणून लवकर दाखवायचं.

आत्ता इथेच बघा. तीन बोटं उभी जोडून दातांमध्ये घाला. लाजू नका, सगळेच करतायत.

खर्चाचं कोणीतरी विचारलं होतं. मुंबईत सीएसएमटीजवळ, सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात सरकारी दंत महाविद्यालय आहे, मुंबई सेंट्रलला नायरचं आहे. खाजगीपेक्षा खर्च बराच कमी, रांग मात्र लांब.

ज्यांची दोनच बोटं गेली, किंवा तोंडात दोन आठवड्यांहून जुना फोड आहे, त्यांनी बाहेर मला एकट्याने भेटा. रविवारी रात्रीच्या एस.टी.ने मी मुंबईला जातोय, सोमवारी सकाळी रांगेत तुमच्याबरोबर उभा राहीन.