पहिली लिपी, दुसरी लिपी

पाचवीत आपण इंग्रजीची पहिली लिपी गिरवली, मग दुसरी. संगणक मात्र बरीच वर्षं पहिलीतच अडकला होता. एका अक्षराला सहा बिट, म्हणजे एकूण ६४ चिन्हं. कॅपिटल अक्षरं, अंक, विरामचिन्हं बसली की जागा संपली. आयबीएमच्या सिस्टिम/३६०च्या वेळी यावरून चांगलंच जुंपलं. जीन अ‍ॅमडाल सहाच्या बाजूचे. मेमरी तेव्हा सोन्याच्या भावाची, त्यामुळे त्यांचंही अगदीच चूक नव्हतं. प्रकल्पप्रमुख फ्रेड ब्रुक्स यांनी कौल आठला दिला. १९६४ साली यंत्र जाहीर झालं, भरपूर खपलं, आणि आठ बिटांचा बाइट रूढ झाला. २५६ जागा! त्यातल्या वरच्या १२८ मध्ये १९९१च्या इस्की मानकानं आपली देवनागरीही बसवली. ऑफिसात मी मराठीत टाइप केलेला पहिला शब्द होता आईचं नाव.