विशेष शिक्षिकेला नोंदणी नंबर विचारा

तायांनो, गटाच्या बैठकीत आपण हप्त्याचा पैसा न् पैसा तपासतो. मग आपल्या दिव्यांग लेकराला शिकवायला येणाऱ्या बाईंचं शिक्षण विचारायला कशाला लाजायचं?

या कामाला नुसतं साधं डी.एड., बी.एड. पुरत नाही. विशेष शिक्षणातली पदविका किंवा पदवी लागते, शिवाय भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते. १९९२ च्या कायद्यातच तसं आहे. नोंदणी झाली की सीआरआर नंबर मिळतो. तो मागा, मुदत संपलीय का तेही बघा.

आणि प्रशिक्षण कोणत्या दिव्यांगत्वाचं, हे नक्की विचारा. कर्णबधिर मुलांसाठी शिकलेल्या बाईंना ब्रेल येईलच असं नाही.

काही जणी म्हणतात, "येतात हेच खूप, विचारलं तर यायच्या बंद होतील." भीती खरी आहे. पण रीतसर शिकलेल्या बाई नंबर सांगताना रागावत नाहीत, हे मी पाहिलंय. शिवाय ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क २०१६ च्या कायद्याने दिलाय. कुणाचे उपकार नाहीत हे.

मुख्याध्यापकांकडे एकटीने जाऊ नका, गटातल्या दोघी-तिघी मिळून जा. दिव्यांगत्वाच्या दाखल्याची झेरॉक्स सोबत घ्या.